ब्रिटिश मालिका आणि अमेरिकी प्रेक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून ब्रिटिश मालिकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. त्यांतले काही प्रश्न इतिहासाचे आहेत, तर काही अगदी व्यवहाराचे, म्हणजे कोणती मालिका कुठे पाहावी आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावेत, असे आहेत. ब्रिटनमधल्या कोणत्या मालिका अमेरिकेत लोकप्रिय झाल्या हे प्रेक्षकांच्या आवडीइतकेच त्या विकत घेणाऱ्यांच्या निवडीवरही अवलंबून राहिले आहे. त्यामुळे इतिहास आणि व्यवहार यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

अमेरिकी प्रेक्षकांना ब्रिटिश मालिकांची गोडी केव्हा लागली?

याची सुरुवात बहुतेक जण 'द फोर्साइट सागा'पासून मानतात, आणि ते योग्यच आहे. बीबीसीने १९६७ साली तयार केलेली ही २६ भागांची कृष्णधवल मालिका १९६९ मध्ये अमेरिकेच्या शैक्षणिक वाहिन्यांवर दाखल झाली. एका श्रीमंत कुटुंबाच्या काही पिढ्यांची ही कथा पाहण्यासाठी प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे ठरावीक वेळी दूरचित्रवाणीसमोर बसू लागले. एकच कथा अनेक भागांत सांगून तिचा ठरवून शेवट करण्याची पद्धत अमेरिकेच्या व्यावसायिक वाहिन्यांवर त्या काळी जवळजवळ नव्हतीच.

या यशामुळे बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राचे त्या वेळचे अध्यक्ष स्टॅनफर्ड कॉल्डरवुड यांनी ब्रिटिश मालिकांसाठी एक कायमस्वरूपी साप्ताहिक कार्यक्रम सुरू करण्याचे मनावर घेतले. मोबिल ही तेलकंपनी त्यासाठी पैसे देण्यास तयार झाली आणि १० जानेवारी १९७१ रोजी 'मास्टरपीस थिएटर' सुरू झाले. पहिली मालिका होती 'द फर्स्ट चर्चिल्स'. ॲलिस्टेर कुक हे जन्माने ब्रिटिश आणि अमेरिकेत स्थायिक झालेले पत्रकार प्रत्येक भागापूर्वी खुर्चीत बसून त्या कथेचा काळ, त्यातले राजकारण आणि नातेसंबंध समजावून सांगत. १९९२ पर्यंत त्यांनी हे काम केले. परक्या देशाची कथा परकी वाटू नये यासाठी त्यांनी दोन दशके जे केले, त्याचे मोल माझ्या मते त्या मालिकांतील कोणत्याही अभिनेत्याच्या कामाहून कमी नाही. हाच कार्यक्रम २००८ पासून 'मास्टरपीस' या नावाने चालू आहे.

या मालिका सार्वजनिक वाहिन्यांकडेच का गेल्या? मोठ्या व्यावसायिक वाहिन्यांनी त्या का घेतल्या नाहीत?

यामागे मुख्यतः हिशेबाची कारणे होती. अमेरिकी व्यावसायिक वाहिनीला वर्षाला वीस-बावीस भागांची आणि शक्य तितकी वर्षे चालणारी मालिका हवी असे, तर ब्रिटिश मालिका सहा, आठ किंवा तेरा भागांत संपत असे. शिवाय बीबीसीच्या कार्यक्रमांत जाहिराती नसल्यामुळे त्यांचा तासाचा भाग जवळजवळ तासभराचाच असे, आणि त्यात जाहिराती घालायच्या तर कथेलाच कात्री लावावी लागे. दुसरीकडे १९६७ च्या कायद्यानंतर आकाराला येत असलेल्या सार्वजनिक प्रसारण व्यवस्थेला चांगल्या दर्जाच्या कार्यक्रमांची निकड होती, पण ते स्वतः तयार करण्याइतका पैसा तिच्याकडे नव्हता. तयार मालिकेचे प्रसारणहक्क घेणे नवी मालिका उभी करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडे. पुढे डब्ल्यूजीबीएच केवळ खरेदीदार राहिले नाही, तर अनेक मालिकांच्या निर्मितीत आधीपासून पैसे घालणारा भागीदार झाले. अमेरिकेतून येणारा हा पैसा नसता, तर ब्रिटनमधल्या कित्येक खर्चिक ऐतिहासिक मालिका झाल्याच नसत्या.

विनोदी मालिका कशा पोहोचल्या?

त्यांचा मार्ग वेगळा होता, कारण त्या मुख्यतः एकेका स्थानिक केंद्राच्या धाडसामुळे आल्या. 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' अमेरिकेत सर्वप्रथम दाखवली ती डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक केंद्राने, १९७४ साली. टेक्सासच्या प्रेक्षकांना ती आवडली आणि मग इतर शहरांतल्या केंद्रांनीही ती घेतली.

पुढच्याच वर्षी एबीसी या व्यावसायिक वाहिनीने तिचे काही भाग एकत्र करून दाखवले, पण ९० मिनिटांच्या मूळ कार्यक्रमांतली २४ मिनिटे कापून टाकली. मालिका लिहिणारी आणि सादर करणारी पायथन मंडळी न्यायालयात गेली. १९७६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि अशी काटछाट लेखकांच्या हक्कांवर आक्रमण ठरू शकते हे मान्य केले. लेखकाची संमती न घेता त्याची कृती विद्रूप करता येऊ नये, या तत्त्वासाठी हा खटला अमेरिकेत आजही अभ्यासला जातो.

'आर यू बीइंग सर्व्हड?', 'कीपिंग अप अपिअरन्सेस' आणि 'ॲज टाइम गोज बाय' या मालिका नंतर सार्वजनिक केंद्रांच्या शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे दाखवल्या गेल्या. ही केंद्रे प्रेक्षकांच्या देणग्यांवरही चालत असल्यामुळे देणगीसंकलनाच्या आठवड्यात याच मालिका मुद्दाम लावल्या जात, कारण त्यांच्या चाहत्यांचे फोन हमखास येत.

'डॉक्टर हू'चे अमेरिकी चाहते इतके निष्ठावान कसे?

कारण ती विज्ञानकथेची मालिका मिळत राहावी यासाठी त्यांना स्वतः खटपट करावी लागली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायकाच्या भूमिकेतल्या टॉम बेकर यांचे भाग अमेरिकी केंद्रांवर येऊ लागले आणि १९८० च्या दशकात गावोगावी चाहतेमंडळे निघाली. या मंडळांचे सदस्य स्थानिक केंद्राच्या देणगीमोहिमेत स्वयंसेवक म्हणून फोन घेत आणि मालिकेचे पुढचे भाग विकत घेता यावेत म्हणून पैसे जमवत. विसाव्या वर्धापनदिनाचा विशेष भाग 'द फाइव्ह डॉक्टर्स' २३ नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी दाखवला, तो ब्रिटनमधल्या प्रसारणाच्या दोन दिवस आधी. एका ब्रिटिश मालिकेच्या बाबतीत अमेरिकी प्रेक्षक पुढे असण्याची ही दुर्मिळ घटना होती.

२००५ साली मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा मात्र अमेरिकेला वर्षभर थांबावे लागले, कारण साय-फाय वाहिनीने ती मार्च २००६ मध्ये दाखवायला घेतली. नंतर ती बीबीसी अमेरिकेकडे गेली आणि २०२३ मध्ये डिस्ने प्लसकडे. तो करार पुढे चालू राहणार नसल्याचे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले. एकाच मालिकेचा हा प्रवास पाहिला तरी अमेरिकी चाहत्याला किती वेळा नवी वाहिनी वा नवी वर्गणी शोधावी लागली हे लक्षात येते.

अमेरिकी प्रेक्षकांना या मालिकांत नेमके काय आवडते?

चाहत्यांशी बोलताना तीन गोष्टी वारंवार ऐकू येतात. पहिली म्हणजे कथा संपते. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग अवघे बारा आहेत, आणि तरीही किंवा म्हणूनच ती मालिका पन्नास वर्षे पाहिली जाते. लेखकाला जे सांगायचे आहे ते सांगून झाले की थांबायची मुभा ब्रिटिश पद्धतीत असते, आणि बहुतेक वेळा संपूर्ण मालिका एकाच लेखकाने लिहिलेली असल्यामुळे तिचा सूर शेवटपर्यंत टिकतो.

दुसरी गोष्ट अभिनयाची. ब्रिटनमध्ये रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्हींत तेच कलाकार सहजपणे वावरतात. जूडी डेंच, डेरेक जकोबी, हेलन मिरेन ही नावे अमेरिकी घरांत पोहोचली ती आधी सार्वजनिक वाहिन्यांमुळे. 'आय, क्लॉडियस'मधला जकोबी यांचा अडखळत बोलणारा सम्राट किंवा 'प्राइम सस्पेक्ट'मधली मिरेन यांची पोलीस अधिकारी पाहिलेला प्रेक्षक त्या कलाकारांना विसरत नाही. मराठी प्रेक्षकाला तर हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण नाटकातून घडलेला नट छोट्या पडद्यावर काय करू शकतो हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे चेहरे. या मालिकांतली माणसे सर्वसाधारण दिसतात, त्यांचे वय दिसते. 'व्हेरा'मधली ब्रेंडा ब्लेथिन यांची चुरगळलेल्या कोटातली, साठीतली पोलीस तपास अधिकारी अमेरिकी प्रेक्षकांना इतकी जवळची का वाटली असेल, याचे उत्तर मला तरी यातच दिसते.

मग ब्रिटिश दूरचित्रवाणी म्हणजे केवळ जुने वाडे आणि खुनांचे तपास एवढेच का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. 'मास्टरपीस थिएटर'च्या निवडकर्त्यांनी आणि प्रायोजकांनी प्रतिष्ठित कादंबऱ्या, राजघराणी आणि सरदारांची घरे यांना पसंती दिली. १९८० साली सुरू झालेल्या 'मिस्ट्री!' या कार्यक्रमाने तिला गुप्तहेरकथांची जोड दिली. याच मालिका पोहोचल्यामुळे याच आवडल्या, आणि याच आवडतात म्हणून पुढच्या खरेदीतही याच निवडल्या गेल्या. ब्रिटनमध्ये अनेक दशके घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' किंवा 'ईस्टएंडर्स' या कष्टकरी वस्त्यांमधल्या मालिका बहुसंख्य अमेरिकी प्रेक्षकांना माहीतही नसतात. बीबीसी अमेरिकेने २००३ साली 'ईस्टएंडर्स' बंद केली तेव्हा तिच्या मोजक्या पण कट्टर चाहत्यांनी तीव्र निषेध केला होता.

अलीकडे हे चित्र बदलत आहे. टपाल खात्याच्या सदोष संगणकप्रणालीमुळे निरपराध पोस्टचालकांना चोर ठरवले गेले, त्या अन्यायावरची 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' ही मालिका जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली आणि त्याच वर्षी 'मास्टरपीस'वर आली. किशोरवयीन मुलाने केलेल्या हत्येभोवती फिरणारी 'ॲडोलसन्स' नेटफ्लिक्सवर एकाच दिवशी जगभर आली आणि २०२५ च्या एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मर्यादित मालिका ठरली. या दोन मालिकांतला ब्रिटन आजचा, अस्वस्थ आणि खरा आहे.

अमेरिकी रूपांतरे मूळ मालिकांइतकी चांगली असतात का?

काही असतात. 'ऑल इन द फॅमिली', 'सॅनफर्ड अँड सन' आणि 'थ्रीज कंपनी' या १९७० च्या दशकातल्या गाजलेल्या अमेरिकी मालिकांची मुळे ब्रिटिश मालिकांत आहेत, पण बहुतेक प्रेक्षकांना ते ठाऊकही नव्हते. 'द ऑफिस'चे अमेरिकी रूप २००५ साली सुरू झाले आणि मूळच्या कितीतरी पट लांबले. मूळ मालिका आधी पाहावी, असाच सल्ला मी देईन.

ब्रिटनमध्ये दाखवलेली मालिका अमेरिकेत इतकी उशिरा का येते?

प्रसारक आपापल्या सोयीचा काळ निवडतात. 'डाउन्टन ॲबी' ब्रिटनमध्ये सप्टेंबरात सुरू होई, परंतु अमेरिकेतल्या सार्वजनिक केंद्रांच्या पीबीएस या जाळ्याला शरद ऋतूत व्यावसायिक वाहिन्यांच्या नव्या मालिकांशी स्पर्धा नको होती, म्हणून ती जानेवारीत येई. परिणामी २०१२ च्या नाताळात ब्रिटिश प्रेक्षकांनी पाहिलेला धक्कादायक प्रसंग अमेरिकेत आठवडेच्या आठवडे आधी समाजमाध्यमांवरून फुटला आणि अनेकांचा रसभंग झाला. 'शेरलॉक'चे २०१७ चे भाग मात्र दोन्ही देशांत १ जानेवारीपासून सुरू झाले. 'वुल्फ हॉल'च्या उत्तरार्धाला नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ एवढे अंतर पडलेच. ज्यांना थांबणे अशक्य आहे त्यांनी त्या काळात ब्रिटिश वृत्तपत्रांची संकेतस्थळे टाळलेली बरी.

आज या मालिका कायदेशीरपणे कुठे पाहता येतात?

एकच जागा नाही, हीच मोठी अडचण आहे. तरीही ढोबळ मांडणी अशी करता येईल.

पीबीएसवर 'मास्टरपीस'च्या मालिका दूरचित्रवाणीवर विनामूल्य दिसतात. मागचे भाग पाहायचे असल्यास आपल्या स्थानिक केंद्राचे सभासद होऊन 'पासपोर्ट' ही सुविधा घ्यावी लागते. त्यासाठी बहुतेक केंद्रे महिन्याला ५ डॉलर किंवा वर्षाला ६० डॉलर एवढी देणगी पुरेशी मानतात. 'कॉल द मिडवाइफ' आणि 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' यांच्या चाहत्यांसाठी ही सर्वांत योग्य सोय आहे.

ब्रिटबॉक्स ही सेवा बीबीसी आणि ब्रिटनमधली व्यावसायिक वाहिनी आयटीव्ही यांच्या व्यावसायिक शाखांनी मिळून मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू केली. २०२४ मध्ये बीबीसी स्टुडिओजने आयटीव्हीचा वाटा विकत घेतला. जुन्या-नव्या गुप्तहेरकथा, विनोदी मालिका आणि दैनंदिन मालिका असा तिचा विस्तार आहे. एकॉर्न टीव्ही २०११ पासून चालू असून २०१८ पासून ती एएमसी नेटवर्क्सच्या मालकीची आहे. 'फॉइल्स वॉर' आणि कॉर्नवॉलमधल्या तुसड्या डॉक्टरची 'डॉक मार्टिन' या मालिकांसाठी ती ओळखली जाते, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा येथील मालिकाही तिच्यावर असतात.

१९९८ साली सुरू झालेली बीबीसी अमेरिका ही केबलवाहिनी २०२४ च्या अखेरीस पूर्णपणे एएमसीच्या मालकीची झाली. केवळ नावावर जाऊन तिच्यावर सतत ब्रिटिश कार्यक्रम असतील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण तिच्या वेळापत्रकाचा मोठा भाग जुन्या अमेरिकी मालिकांनी व्यापलेला असतो. 'पीकी ब्लाइंडर्स'सारख्या मालिका नेटफ्लिक्सवर, तर 'फ्लीबॅग' ॲमेझॉनवर आहे.

इतक्या सेवांपैकी एकच घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

स्थानिक सार्वजनिक केंद्राचे सभासदत्व घ्यावे. ब्रिटबॉक्स किंवा एकॉर्न एखाददुसऱ्या महिन्यासाठी घेऊन हव्या त्या मालिका पाहून बंद करता येतात. सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड असेल तर डीव्हीडी आणि कनोपी किंवा हूपला या सेवांद्वारे काही मालिका विनामूल्यही मिळतात. ही सोय असूनही फार थोडे लोक ती वापरतात.

बीबीसीचे आयप्लेअर अमेरिकेतून का चालत नाही?

बीबीसीचा मुख्य खर्च ब्रिटनमधली कुटुंबे दरवर्षी भरत असलेल्या परवानाशुल्कातून चालतो. हे शुल्क एप्रिल २०२५ पासून १७४.५० पौंड होते. आयप्लेअर ही बीबीसीची इंटरनेटवरची सेवा त्यांच्यासाठी आहे. शिवाय त्याच मालिकांचे अमेरिकेतले हक्क दुसऱ्या कोणाला विकलेले असतात. आपण ब्रिटनमध्ये आहोत असे भासवून आयप्लेअर पाहण्याचे तांत्रिक मार्ग अनेक जण सुचवतात, परंतु ते सेवेच्या अटींचा भंग करणारे आहेत आणि त्यांची शिफारस येथे केली जाणार नाही. पुढची मालिका उभी राहते ती परदेशी विक्रीतून आलेल्या पैशावर, हे चाहत्याने तरी ध्यानात ठेवावे.

'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' अमेरिकेत शोधूनही का सापडत नाही?

केक-पाव भाजण्याच्या स्पर्धेची ही मालिका 'द ग्रेट ब्रिटिश बेकिंग शो' या नावाने शोधावी. 'बेक-ऑफ' हा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेला शब्द पिल्सबरी या अमेरिकी कंपनीचा असल्यामुळे नाव बदलावे लागले. नवे भाग ब्रिटनमधल्या प्रसारणानंतर काही दिवसांतच नेटफ्लिक्सवर येतात.

अमेरिकेत दिसणारे भाग कापलेले असतात का?

काही वेळा असतात. पीबीएसच्या तासात प्रायोजकांची ओळख आणि पुढच्या कार्यक्रमांची माहिती बसवावी लागत असल्यामुळे बीबीसीचा पूर्ण तासाचा भाग काही मिनिटांनी आखूड केला जात असे. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'च्या सुरुवातीच्या दोन पर्वांतले बरेच भाग तर १९७४ मध्ये दाखवलेच गेले नाहीत, आणि अमेरिकी प्रेक्षकांना ते पुढे कितीतरी वर्षांनी पाहायला मिळाले. संपूर्ण आवृत्ती हवी असल्यास डीव्हीडीच्या वेष्टनावर मूळ ब्रिटिश आवृत्ती असल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

उच्चार समजत नाहीत, काय करावे?

सबटायटल्स लावावीत, त्यात कमीपणा काहीच नाही. 'पीकी ब्लाइंडर्स'मधले बर्मिंगहॅमचे किंवा 'डेरी गर्ल्स'मधले उत्तर आयर्लंडचे बोलणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी प्रेक्षकांनाही अवघड जाते. अमेरिकेत १९९३ च्या जुलैपासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या दूरचित्रवाणी संचात अक्षरपट्टी दाखवण्याची सोय कायद्याने बंधनकारक झाली. ती कर्णबधिरांसाठी होती, पण ब्रिटिश मालिकांच्या प्रेक्षकांनाही तिचा मोठा आधार झाला.

भारतातून किंवा ब्रिटनमधून आणलेली डीव्हीडी अमेरिकेत चालेल का?

साध्या यंत्रावर बहुधा चालणार नाही. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले असून अमेरिका पहिल्या, ब्रिटन दुसऱ्या आणि भारत पाचव्या विभागात येतो. शिवाय ब्रिटन आणि भारत येथे पाल, तर अमेरिकेत एनटीएससी ही वेगळी चित्रपद्धती वापरली जात असे. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे यंत्र बाजारात मिळते. खरेदीपूर्वी ते पालचे रूपांतरही करते का, याची खात्री करून घ्यावी.

भारतावरच्या ब्रिटिश मालिका अमेरिकेत पाहिल्या गेल्या आहेत का?

'द ज्यूएल इन द क्राउन' ही ग्रॅनडा कंपनीची १४ भागांची मालिका १९८४ च्या अखेरीस 'मास्टरपीस थिएटर'वर आली आणि अमेरिकेतल्या असंख्य लोकांना ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या वर्षांची पहिली ओळख तिनेच करून दिली. तिचे बरेच चित्रीकरण भारतात झाले होते. नंतरची 'इंडियन समर्स' सिमल्याची कथा सांगते, पण चित्रित झाली मलेशियातल्या पेनांगमध्ये. या मालिकांचा दृष्टिकोन मुख्यतः राज्यकर्त्यांच्या घरातला आहे, आणि आपल्या अमेरिकेत वाढलेल्या मुलांसोबत त्या पाहताना पालकांनी हे आवर्जून सांगावे असे मला वाटते. मालिका म्हणून 'ज्यूएल' मात्र आजही अत्यंत प्रभावी आहे.

सरकारी अनुदान थांबल्यानंतर 'मास्टरपीस' बंद होईल का?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ते वाटणाऱ्या महामंडळाने आपले काम आवरते घेण्याचे जाहीर केले. 'मास्टरपीस'ला प्रायोजक आणि खासगी देणगीदारांचा स्वतंत्र निधी आहे, त्यामुळे अधिक चिंता आहे ती लहान शहरांतल्या आणि ग्रामीण भागातल्या केंद्रांची, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात सरकारी वाटा मोठा होता. ज्यांच्या घरी केबल नाही आणि इंटरनेटही पुरेसे वेगवान नाही, अशा प्रेक्षकांना ब्रिटिश मालिका याच केंद्रांच्या ॲंटेनावरून मिळत आल्या आहेत. आपले केंद्र कोणते, हे पीबीएसच्या संकेतस्थळावर पिनकोडसारखा स्थानिक झिपकोड टाकल्यास कळते, आणि देणगी थेट त्याच केंद्राला देता येते.